ताबा सुटण्यापूर्वी

रस्त्यावरील अपघाताची बातमी मराठी वृत्तपत्रांत ज्या ठरीव वाक्याने छापली जाते, ते वाक्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्याच्या अर्थाकडे आपले लक्षच जात नाही. ‘चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने’ ट्रक दुभाजकावर चढला, उभ्या कंटेनरला मागून धडकला, किंवा मोरीचा कठडा तोडून ओढ्यात कोसळला, असे आपण वाचतो, क्षणभर हळहळतो आणि पान उलटतो. परंतु तो ताबा सुटला कशाने, हा प्रश्न त्या वाक्यातच गाडला जातो. अशा कित्येक अपघातांची वेळ पहाटेची असते, रस्ता सरळ असतो, पाऊस किंवा धुके नसते, वाहनात बिघाड आढळत नाही, आणि डांबरावर किंवा काँक्रीटवर ब्रेक दाबल्याच्या खुणा दिसत नाहीत. जागा माणूस संकट दिसताच, ते टळणार नसले तरी, ब्रेकवर पाय रोवतो आणि चाक फिरवतो. ज्याने यांपैकी काहीच केले नाही, त्याला बहुधा संकट दिसलेच नव्हते. पंचनाम्यात रस्त्याची रुंदी येते, काचांचे तुकडे येतात, वाहनांची तोंडे कोणत्या दिशेला होती हेही येते. झोप मात्र येत नाही. मद्य श्वासातून किंवा रक्तातून मोजता येते, तशी झोप मोजण्याचे साधन रस्त्यावरील पोलिसाच्या हाती नाही, आणि आघाताबरोबर जाग येत असल्याने हे कारण घटनास्थळी आपला पुरावाही मागे ठेवत नाही.

या कारणाचे स्वरूप समजून घ्यावयाचे तर प्रथम एक गैरसमज दूर सारला पाहिजे. झोप म्हणजे थकव्याचेच दुसरे नाव, अशी आपली सर्वसाधारण कल्पना असते. पण दिवसभर ओझी वाहून थकलेला मनुष्यही सायंकाळी टक्क जागा असतो, आणि काहीही श्रम न केलेला मनुष्य पहाटे चार वाजता डोळे उघडे ठेवू शकत नाही. झ्युरिक येथील शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली या कोड्याची जी मांडणी केली, ती आजही निद्राशास्त्राचा पाया मानली जाते. तिच्यानुसार झोपेवर दोन स्वतंत्र शक्तींचा अंमल चालतो. पहिली शक्ती जागरणाच्या कालमानाने वाढत जाते: मेंदू काम करीत असताना त्यात ॲडिनोसीन नावाचे द्रव्य साचत जाते, आणि ते जितके साचेल तितका झोपेचा दाब वाढतो, हा दाब झोपेनेच उतरतो. दुसरी शक्ती म्हणजे मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर असलेले, सुमारे वीस हजार पेशींचे एक घड्याळ. पेशींमधील अशा घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ सूर्यप्रकाशाशी जुळवून घेते, आणि माणूस किती जागला आहे याची पर्वा न करता चोवीस तासांत दोन वेळा त्याला खाली ओढते: मध्यरात्रीनंतर सुमारे दोन ते पाच या वेळात अत्यंत जोराने, आणि दुपारी दोन ते चार या वेळात काहीसे सौम्यपणे. दुपारच्या सुस्तीचा दोष आपण जेवणाला देतो, पण ही उतरण न जेवताही येतेच. ज्याच्या मेंदूत जागरणाचा दाब शिगेला पोहोचला आहे आणि ज्याचे घड्याळ पहाटेचे तीन दाखवीत आहे, त्याच्यावर दोन्ही शक्ती एकाच वेळी चालून येतात. आणि आपल्या महामार्गांवरील मालवाहतूक तर याच प्रहराला भर रंगात असते.

मराठी भाषेने झोपेच्या आगमनाच्या पायऱ्या फार बारकाईने नोंदवल्या आहेत. आधी डोळ्यांवर झापड येते, मग पेंग येते, मग डुलकी लागते आणि शेवटी डोळा लागतो. वाहनचालकाच्या दृष्टीने यांतील सर्वांत घातक पायरी शेवटची नव्हे, तर तिच्या आधीची. एक-दोन सेकंदांपासून दहा-पंधरा सेकंदांपर्यंत मेंदू झोपेत शिरतो आणि परत येतो. शास्त्रज्ञ या अवस्थेला सूक्ष्मनिद्रा म्हणतात. तिच्यात डोळे अर्धवट, क्वचित पूर्णही, उघडे असू शकतात, हात चाकावरच असतात, पाय ॲक्सिलेटरवरच असतो. डोळ्यांनी पाहिलेले मेंदूपर्यंत पोहोचत नाही एवढेच. मनुष्याला आपण झोपलो होतो हे पुष्कळदा कळतही नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने चाललेला ट्रक एका सेकंदात २२ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहूनही अधिक, अंतर कापतो. चार सेकंदांच्या डुलकीत तो ८९ मीटर पुढे गेलेला असतो, आणि तेवढ्या अवधीत गाडीत माल असतो, चालक असतो, बहुधा शेजारी झोपलेला क्लीनरही असतो, पण गाडी चालवणारा कोणी नसतो.

रस्ता जितका चांगला, तितका हा धोका कमी, असेही समजण्याचे कारण नाही. बोरघाट किंवा कसाऱ्याचा घाट चालकाला भय घालतो आणि त्या भयानेच जागा ठेवतो. प्रत्येक वळणाला गिअर बदलावा लागतो, समोरून येणाऱ्याचा अदमास घ्यावा लागतो. याउलट नागपूरहून मुंबईकडे येणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पाहा. चौक नाही, सिग्नल नाही, गाव आडवे येत नाही. दिव्यांच्या झोतात तीच पांढरी पट्टी तासन्‌तास समोरून सरकत राहते. मेंदूला नवे काही मिळत नाही तेव्हा साचून राहिलेली झोप वर येते. एकसुरी रस्ता झोप निर्माण करीत नाही. ज्याची झोप पूर्ण झाली आहे तो त्यावर कंटाळेल, पण झोपणार नाही. असा रस्ता अपुऱ्या झोपेवरचे पांघरूण तेवढे काढून घेतो.

मग चालकाने मनाचा निग्रह करून जागे का राहू नये, हा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो विचारण्यामागे आपल्या संस्कारांचे मोठे बळ उभे आहे. निद्रेवर विजय मिळवणारा म्हणून आपण अर्जुनाला गुडाकेश म्हणतो; वनवासात चौदा वर्षे जागलेल्या लक्ष्मणाची कथा आपण मुलांना सांगतो; ‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण आपण काटकपणाची खूण म्हणून मिरवतो. परंतु त्याच परंपरेत चरकसंहितेने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले आहे, आणि जे तेरा नैसर्गिक वेग मनुष्याने अडवून धरू नयेत असे सांगितले, त्यांत तहान, भूक आणि शिंक यांच्याबरोबर निद्रेचाही समावेश केला आहे. शिंक निग्रहाने किती वेळ थांबवता येईल, हे ज्याला ठाऊक आहे त्याने झोपेविषयीही तोच न्याय लावावा. ती शीलाची परीक्षा नव्हे. तो शरीराचा वेग आहे, आणि चाकामागे बसलेला मनुष्य कितीही कर्तव्यनिष्ठ असला तरी तो वेग त्याच्या कर्तव्यबुद्धीला विचारून येत नाही.

या अनुभवाला प्रयोगाचे पाठबळ १९९७ साली लाभले. ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी काही माणसांना एकदा जागे ठेवून आणि एकदा मोजून मद्य देऊन एकाच प्रकारची कामे करावयास लावली, तेव्हा सतरा तास जागलेल्या माणसाची अवस्था रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारखी, आणि चोवीस तास जागलेल्याची ०.१० टक्के मद्य असलेल्या माणसासारखी होते, असे आढळले. आपल्या मोटार वाहन कायद्याने चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे ०.०३ टक्के, एवढीच मद्याची मर्यादा घातली आहे. पहाटे पाच वाजता उठून रात्री दहानंतरही गाडी हाकणारा निर्व्यसनी चालक या मोजमापाने कायद्याच्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला समाज गुन्हेगार मानतो, हे योग्यच आहे. पण दोन रात्री न झोपता माल वेळेवर पोहोचवणाऱ्याला तोच समाज शाबासकी देतो.

याहून गंभीर गोष्ट अशी की एका रात्रीच्या पूर्ण जागरणाची आवश्यकताही नसते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील हान्स व्हान डोंगेन, डेव्हिड डिंजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सलग चौदा दिवस रोज सहा तासच झोपू दिलेल्या निरोगी माणसांची सावधता, एक किंवा दोन रात्री मुळीच न झोपलेल्यांइतकी खालावली. झोपेची तूट रोज थोडी थोडी साचते आणि मुद्दलात मिळत जाते. पण या प्रयोगातील खरे भयप्रद निरीक्षण निराळेच होते: या माणसांना आपण फारसे पेंगुळलेलो आहोत असे वाटतच नव्हते. मोजमाप रोज ढासळत होते आणि त्यांची स्वतःविषयीची खात्री मात्र काही दिवसांत स्थिरावली होती. ‘मला सवय आहे’ हे वाक्य चालकांच्या तोंडी आपण पुष्कळदा ऐकतो, आणि ते खोटे बोलत नसतात. झोपेने ज्या गोष्टींवर घाला घातला, त्यांत स्वतःची झोप ओळखण्याची शक्तीही होती, एवढेच ते वाक्य सांगते.

आता ही तूट साचते कशी, ते पाहू. नारायणगावचे टोमॅटो, नाशिकची द्राक्षे आणि ठिकठिकाणचा भाजीपाला वाशीच्या बाजार समितीत मध्यरात्रीनंतर येऊन लागतो, तेव्हा सकाळी मुंबईच्या मंडईत ताजी भाजी मिळते. मोठ्या शहरांत अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी प्रवेशबंदी असल्याने चालकाला रात्रीच आत शिरावे लागते आणि रात्रीच बाहेर पडावे लागते. माल भरण्यासाठी आणि उतरवण्यासाठी गोदामासमोर ज्या तासन्‌तास रांगा लागतात, त्या वेळेचा हिशेब कोणी धरत नाही. पुष्कळ ठिकाणी मोबदला फेरीवर ठरतो, आणि रांगेत गेलेले तास रस्त्यावर भरून काढण्याचा तगादा मालकाकडून, व्यापाऱ्याकडून आणि कर्जावर घेतलेल्या गाडीच्या हप्त्याकडून एकदमच येतो. दिवसा झोपावे तर घड्याळ विरोधात असते, म्हणून तीच झोप तुटक आणि अपुरी होते. त्यातून ती ढाब्यासमोर, तापलेल्या केबिनमध्ये, डिझेलच्या टाकीवर आणि ताडपत्रीखालच्या मालावर एक कान ठेवून घ्यावयाची. एस. टी. च्या चालकालाही दूरच्या गावी वस्तीची गाडी घेऊन गेल्यावर जेथे पाठ टेकेल तेथे रात्र काढून, झुंजुमुंजू होताच परतीची फेरी सुरू करावी लागते. आषाढीची यात्रा आणि गणेशोत्सवातील कोकणच्या जादा गाड्या या दिवसांत तर प्रवाशांचा उत्साह जितका वाढतो, तितकीच चालकाची झोप आटते. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालट्रकच्या केबिन वातानुकूलित असाव्यात असा नियम केंद्र सरकारने केला, हे स्वागतार्ह आहे. मात्र थंड केबिन उकाडा दूर करील, वेळापत्रक बदलणार नाही.

कायद्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती, असे मुळीच नाही. १९६१ साली संसदेने मोटार वाहतूक कामगारांसाठी जो कायदा केला, त्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती, लांबच्या मार्गांसाठी ती फार तर दहा आणि चोपन्न तासांपर्यंत वाढवण्याची मुभा होती, सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीची आणि दोन दिवसांच्या कामात किमान नऊ सलग तासांच्या अंतराची तरतूद होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने याच मर्यादांचा हवाला दिला, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत तो जुना कायदा सामावून घेण्यात आला. परंतु १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना उद्देशून होता. एकाच गाडीचा मालक जेथे स्वतःच चालकही आहे, तेथे त्याच्या तासांची नोंद ठेवणार कोण आणि तपासणार कोण? युरोपात चार तास तीस मिनिटांच्या वाहनचालनानंतर पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती बंधनकारक आहे, आणि ती घेतली की नाही हे चालकाच्या शब्दावर न सोडता टॅकोग्राफ नावाचे यंत्र टिपून ठेवते. आपल्या देशातही विमानचालकाच्या कामाचे तास आणि विश्रांतीचे तास काटेकोर मोजले जातात. आकाशातील झोप जर शासनाच्या दप्तरात नोंदवण्याजोगी असेल, तर चाळीस प्रवाशांच्या बसमधील झोप तशी का नसावी, याचे समाधानकारक उत्तर कोणापाशी असेल असे वाटत नाही.

यात आणखी एक गुंतागुंत आहे, आणि ती आजाराची आहे. काही चालक आठ तास अंथरुणात असूनही झोपलेले नसतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो, घुसमटीचा मोठा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो, आणि हे चक्र तीव्र रोगात तासाला तीसहून अधिक वेळा चालते. या रोगाला निद्राश्वासरोध म्हणतात. तासन्‌तास बैठे काम, अवेळी जेवण, वाढलेले पोट आणि जाड मान ही त्याला आमंत्रणे होत, आणि ही सर्व आमंत्रणे चालकाच्या व्यवसायातच दडलेली आहेत. रुग्णाला स्वतःला यातले काहीच आठवत नाही. ते ठाऊक असते त्याच्या पत्नीला, किंवा ढाब्यावरच्या शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या सोबत्याला. आपल्या समाजात घोरणे ही गाढ झोपेची खूण मानली जाते, त्यामुळे हा रोग थट्टेत विरून जातो. वस्तुतः १९८१ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टर कॉलिन सुलिव्हान यांनी नाकावरील मुखवट्यातून सौम्य दाबाची हवा सोडून श्वासमार्ग उघडा ठेवण्याचा उपाय प्रसिद्ध केला, आणि आज तो जगभर प्रचलित आहे. मेलबर्नचे मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये केवळ आठ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. वाचताना, दूरचित्रवाणी पाहताना, किंवा वाहतुकीत गाडी थांबली असताना डुलकी लागण्याचा संभव किती, एवढेच ती विचारते. चालकांसाठी ठिकठिकाणी नेत्रतपासणीची शिबिरे भरतात. त्याच मांडवात हे आठ प्रश्न विचारण्यास आणि मानेचा घेर मोजण्यास फार खर्च येणार नाही. मात्र रोग सापडल्यास नोकरी जाईल, ही धास्ती आधी दूर केली पाहिजे. उपचार घेणाऱ्याची नोकरी राहते असा विश्वास नसेल, तर प्रत्येक जण ‘मला काही होत नाही’ असेच उत्तर देईल.

राहता राहिला तो प्रत्यक्ष रस्त्यावरचा उपाय. तोंडावर पाणी मारणे, खिडकी उघडणे, मोठ्याने गाणी लावणे, तंबाखू मळणे, हिरवी मिरची चावणे, या उपायांवर चालकांच्या पिढ्या विसंबल्या आहेत. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात जिम हॉर्न आणि लुईस रेनर यांनी थंड हवा आणि रेडिओ यांची परीक्षा घेतली, तेव्हा त्यांचा परिणाम किरकोळ आणि क्षणिक ठरला. उपयोगी ठरले ते दोनच उपाय: पंधरा-वीस मिनिटांची झोप आणि पुरेशा मात्रेतील कॅफीन. कॅफीन झोप नाहीशी करीत नाही. ॲडिनोसीनचा निरोप घेऊन आलेल्या हुजऱ्याला ते दारातच अडवून ठेवते, निरोप रद्द होत नाही. शिवाय ते अंगात उतरण्यास सुमारे अर्धा तास लागतो, आणि टपरीवरच्या अर्ध्या पेल्यातील मात्रा त्या प्रयोगांतल्या मात्रेच्या मानाने फारच थोडी असते. म्हणून चालकाने गाडी सुरक्षित जागी, रस्त्याच्या कडेला नव्हे तर ढाब्याच्या किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात घ्यावी, मोठा पेला चहा किंवा कॉफी प्यावी, आणि लगेच वीस मिनिटांचा गजर लावून डोळे मिटावेत. जाग येईल तेव्हा झोपेचा थोडा दाब उतरलेला असेल आणि कॅफीनही कामाला लागलेले असेल. उठल्याबरोबर मात्र काही मिनिटे बधिरपणाची असतात, ती चालून घालवावीत. सर्दीसाठी घेतलेल्या कित्येक गोळ्यांनी गुंगी येते, हेही लक्षात ठेवावे. पण ही सारी व्यवस्था पुढचे शंभर-दीडशे किलोमीटर पार पाडण्यापुरती आहे. रात्रीच्या सात-आठ तासांना तिच्यात पर्याय नाही.

म्हणून ‘झोप आली तर थांबा’ एवढा उपदेश पुरेसा नाही. ज्याला थांबल्यामुळे भाड्यातील पैसे कापले जाण्याची भीती आहे, त्याला तो उपदेश ऐकवणे म्हणजे आपली जबाबदारी त्याच्या खांद्यावर टाकणे होय. वेळापत्रक आखणाऱ्या वाहतूकदाराने, माल सकाळी सहालाच हवा असा आग्रह धरणाऱ्या व्यापाऱ्याने, महामार्ग बांधताना सुरक्षित तळ आणि निजण्याची जागा मागाहून पाहू म्हणणाऱ्या यंत्रणेने, आणि बस वीस मिनिटे थांबली म्हणून कुरकुरणाऱ्या तुम्ही-आम्ही प्रवाशांनीही त्या झोपेतला आपापला वाटा उचलला पाहिजे. याचा आरंभ कागदावरही होऊ शकेल. पंचनाम्यात आणि जबाबात एक रकाना वाढवावा: गेल्या अठ्ठेचाळीस तासांत चालक किती तास झोपला, कोठे झोपला, आणि त्याचे वेळापत्रक कोणी ठरवले? या तीन प्रश्नांची उत्तरे दप्तरात जमू लागली, म्हणजे ‘ताबा सुटला’ हे वाक्य लिहिताना लेखणी थांबेल. कारण तो ताबा अपघाताच्या क्षणी नव्हे, तर दोन दिवस आधी कोणाच्या तरी हिशेबाच्या वहीत सुटला होता, हे तेथेच लिहिलेले असेल.